रिकाम्या मांडवातला धवला

गिरगाव, मुंबई
७ नोव्हेंबर १९६६

ती. इंदुमावशीस,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीत येईन म्हणालो होतो आणि आता येणं होत नाही, त्याबद्दल आधी पोटभर रागावून घे आणि मग पुढचं वाच. तुझ्याकडे काम आहे आणि ते घाईचं आहे.

माझ्या प्रबंधाचा विषय तुला ठाऊक आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांनी कधी न लिहिलेलं, नुसतं तोंडातून तोंडात आलेलं जे काही आहे ते गोळा करायचं. वर्षभर वह्या घेऊन हिंडलो. परवा सरांनी त्या चाळल्या आणि एवढंच म्हणाले, "शब्द मिळाले. आवाज कुठे आहे?" तेव्हापासून मला झोप नाही. विभागात एक टेपरेकॉर्डर आला आहे. नाताळच्या सुट्टीपर्यंत तो माझा, मग समाजशास्त्रवाले नेणार.

मला धवला हवा आहे. तुमच्या मागच्या कोळीवाड्यात लग्न लावायला भटजी नसतो, धवलारीण असते, ती गाते आणि तिच्या गाण्यानंच लग्न लागतं, हे लहानपणी तुझ्याच ओटीवर ऐकलं होतं. सातपाटीपासून वर डहाणूपर्यंत विचारत गेलो. सगळीकडे एकच उत्तर: आता भटजी येतो आणि बँड येतो. पण पामच्या राहीबाईचं नाव दोघातिघांनी घेतलं. ती आहे ना अजून? एवढं विचारशील का तिला? मी मशीन घेऊन येतो, ती ओटीवर बसून म्हणेल, तासाभराचं काम.

तुझा
कमलाकांत


पाम, ता. पालघर
१४ नोव्हेंबर १९६६

चि. कमलाकांत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावून झालं. तुझ्या वाटणीच्या करंज्या बन्सीला दिल्या. बन्सी म्हणजे माझ्या मागच्या खोलीतला भाडेकरू. बीडकडचा मुलगा आहे, वीजघराच्या कामावर वायरमन म्हणून लागला आहे. गुणी आहे. विहिरीवरचा पंप या वर्षी सारखा बिघडतो, आणि बिचारा पाळीवरून आला की तसाच हात काळे करत बसतो.

राहीबाई आहे. जवळा वाळत घातला होता तिथे कावळे हाकलत बसली होती. मी तुझं म्हणणं सांगितलं. तिनं हातातली काठी खाली ठेवली.

"ओटीवर बसून धवला म्हनू?" म्हणाली. "मांडव नाय, पाट नाय, नवरी नाय. धवला काय कावल्यांना म्हनू?"

मी म्हटलं, मशीन ऐकेल, आणि जपून ठेवील.

"मशीनचा लगीन जमलाय का?" असं म्हणून ती अशी हसली की शेजारच्या बायकाही हसल्या. मग पुन्हा कावळ्यांकडे वळली. म्हणाली, दोन वर्षं झाली, कुणी बोलावलं नाही. पोरं वीजघरावर जातात, पगार आणतात, त्यांना पेटीवाला बँड पाहिजे. "माज्याबरोबर जाईल तो. जाऊंदे."

बाळ, मला परत येताना राहवेना. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा कॉन्व्हेंटमधली सगळी इंग्रजी गाणी पाठ होती मला, आणि पहिल्याच महिन्यात रात्री वाड्यातून राहीबाईच्या आईचा धवला ऐकला होता. शब्द कळले नव्हते. सासूबाई म्हणाल्या, ती समुद्राला लग्नाला बोलावते आहे, खडकांना, वाऱ्याला, खाडीला, नावं घेऊन. मी खिडकीत उभी राहिले होते. तो आवाज राहीबाईबरोबर जाऊ नये असं मलाही वाटतं. पण ती नाही म्हणाली ते नाहीच.

तब्येत सांभाळ.
इंदुमावशी


मुंबई
१७ नोव्हेंबर

ती. मावशी,

मशीनचं लग्न! सरांना सांगितलं, तेही हसले, मी मात्र रात्रभर खोलीत येरझाऱ्या घातल्या. पहाटे सुचलं. तिला मांडव हवा आहे ना? मांडव घालू. खोटा. नाटकात नाही का लग्नं होत? तुझ्या अंगणात चार बांबू, वर नारळाच्या झावळ्या, दोन पाट, पाटांवर कोणीतरी मुलगा-मुलगी बसवू. (वीज तुझ्याकडेच आहे, वाड्यात नाही, त्यामुळे अंगण तुझंच लागेल.) विचार ना तिला. आजच विचार. मला दुसरं काही सुचत नाही आणि दिवस चालले आहेत.

कमलाकांत


पाम
२४ नोव्हेंबर

चि. कमलाकांत,

विचारलं. मला वाटलं होतं ती मला कोळंबीच्या टोपलीनं मारील. पण आश्चर्य म्हणजे ती कबूल झाली. फार सहज कबूल झाली, म्हणून मीच थोडी चाचरले.

अट एकच. "धवल्यान नाव घ्याला लागतो. नाव खोटा चालनार नाय." जे पाटावर बसतील त्यांची खरी नावं. मी म्हटलं, त्यात काय, घे खरी नावं.

नवरी म्हणून शेजारची नवसी (वाड्यातली नव्हे) बसते म्हणाली आहे, तिला नटायला हवंच असतं. नवऱ्याचं अडलं होतं. तू बसतोस का, असं विचारणार होते, पण तू यंत्राशी बसणार. मग बन्सीला म्हटलं. तसाही तो वायर ओढायला असणारच. लाजला, पण बसतो म्हणाला. मंजुळा तेव्हा विहिरीवर भांडी घासत होती. माझ्याकडे कामाला येणारी मंजुळा, येसूबाईची, आठवते? तुझ्या हातून तिच्या पाटीतला खेकडा सुटला होता तेव्हा एवढीशी होती. आता सातपाटीला होडीवाल्यांच्या घरात ठरलं आहे तिचं, माघात लग्न. ती हसून म्हणाली, "बाय, बन्सीदादाला मुंडावल्या कोन बांदनार? मशीन?"

तर ४ डिसेंबरला, रविवारी, ये. सकाळच्या गाडीनं बोईसरला उतर, पुढे टांगा मिळेल.

इंदुमावशी


मुंबई
७ डिसेंबर १९६६

ती. मावशी,

दोन्ही रिळं सरांना ऐकवली. धवला संपल्यावर सरांनी चष्मा काढला. म्हणाले, आपल्याकडे असं काही आहे हे आपल्याला माहीत नव्हतं. माझ्या प्रबंधाचा आता कणा हाच. बाकी सगळं याच्याभोवती लिहीन.

मी गडबडीत निघालो, तुझे आभारही मानले नाहीत. नवसी आयत्या वेळी आली नाही तेव्हा मी मशीन आवरायलाच घेतलं होतं. मंजुळा हात पुसून पाटावर बसली म्हणून निभावलं. तिच्या आईची परवानगी घेतलीस ना? मंजुळा म्हणाली, विचारलंय.

एक नवल सांगतो. पहिल्या रिळात बायका खिदळताहेत, कोणीतरी बन्सीच्या मिशांवरून बोलतंय. राहीबाईनं दोघांची नावं घेतली, आणि तिथून पुढे एकही हसत नाही. आधी ठरलं होतं की एकटी राहीबाई म्हणेल. पण मग बायका मागून साथ धरतात. सगळ्या. तुला कारण ठाऊक असेल तर कळव, टिपेत लिहीन.

तुझा आनंदी
कमलाकांत


पाम
१५ डिसेंबर

चि. कमलाकांत,

टिपेत लिहायचं कारण सांगते. त्यांच्या लेखी लग्न लागलं.

परवा सातपाटीहून मंजुळाच्या होणाऱ्या सासरची माणसं येऊन साखरपुड्याची साडी परत घेऊन गेली. म्हणाले, दुसऱ्याच्या नावानं धवला म्हटला, आता ती आमची सून कशी? येसूबाई त्या रविवारी बोईसरच्या बाजारात मासे विकत होती, तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. मंजुळा खोटं बोलली. का बोलली कळत नाही. पोरीला नटायची हौस वाटली असेल.

येसूबाई माझ्या ओटीच्या पायरीवर चढली नाही. खालूनच बोलली. "बाय, तुमी शिकल्या-सवरल्या. माजे पोरीला खेलन्यातली भावली केली तुमी? आता तिला कोन नेनार? तो घाटी?"

मी बन्सीला हाक मारली. तो खाली मान घालून उभा. "काकू, मला बस म्हनलं, मी बसलो." एवढंच. आणि पाळीला निघून गेला.

वाड्याचा मुख्य पंढरी तांडेल. त्यानं सातपाटीवाल्यांशी बोलणं करून तोड काढली आहे. २५ तारखेला, रविवारी, देवळापुढे पंच बसतील. तिथे तुझी रिळं सगळ्यांसमोर जाळायची. आवाजच उरला नाही की धवला झालाच नाही, खेळ होता असं धरायचं, आणि मग सातपाटीवाले साडी परत देतील.

तेव्हा रिळं पाठव, बाळ. तुला काय वाटत असेल ते मला कळतं. पण मुलीचं आयुष्य आहे. येसूबाई आठवडाभर मासे घेऊन आली नाही. मला जेवण जात नाही.

इंदुमावशी


मुंबई
१८ डिसेंबर

ती. मावशी,

जाळायची? तो आवाज पुन्हा मिळणार नाही. तूच लिहिलं होतंस, तिच्याबरोबर जाऊ नये.

दुसरा काही मार्ग निघेल. विद्यापीठाच्या शिक्क्याचं पत्र आणतो, सरांच्या सहीचं, की हा विवाह नसून संशोधनासाठी केलेलं प्रात्यक्षिक होतं. तांडेलाला वाचून दाखव. हवं तर मी येऊन पंचांशी बोलतो. शिकलेल्या माणसानं समजावलं तर ऐकतील.

आपण दोघांनी मिळून हे केलं, मावशी. एकट्या माझ्या पदरात टाकू नकोस.

कमलाकांत


मुंबई
२० डिसेंबर

मावशी,

परवाच्या पत्रातलं शिक्क्याचं विसर. ते लिहून मीच माझ्यावर हसलो. शिक्का दाखवून कुणाचं लग्न मोडतं का?

दोन दिवस मशीन लावून बसलो होतो. पुन्हा पुन्हा तीच नावं येतात, आणि त्या नावांमागे माणसं आहेत हे मी वर्षभर प्रबंधाच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं आहे.

आमच्या ग्रंथालयातले नरहरी पालघरचेच, उद्या घरी जाताहेत. त्यांच्या हाती दोन्ही रिळं देतो. नक्कल काढलेली नाही. काढावी असं फार वाटलं, काढली नाही.

क.


पाम
२३ डिसेंबर

चि. कमलाकांत,

रिळं पोचली. मी ती देवघराच्या फडताळात ठेवली आहेत. पण आता काय करावं ते मला कळेनासं झालं आहे.

काल मंजुळा आली. वाड्यात तिला कोणी घराबाहेर सोडत नाही, तरी आली. फडताळाकडे बघून म्हणाली, "ती काय? ताटलीशी दिसतान. यानच मी हाय?"

मी म्हटलं, हो, आणि रविवारी जाळणार, म्हणजे तू सुटलीस.

ती खाली बसली. म्हणाली, "बाय, नका जालू."

मग सगळं आलं. नवसीला येऊ नकोस म्हणून तिनंच सांगितलं होतं. आईला विचारलंच नव्हतं.

"अगं, धवला म्हटला की लग्न लागतं, हे तुला ठाऊक होतं?"

"वाड्यानच्या कुत्र्याला पन ठावं हाय. फकस्त तुमाला नि तुमचे भाच्याला नाय."

"मग आईला सांगायचं होतंस की बन्सी आवडतो."

"सांगतला असता त नाय म्हनली असती. मानसाला नाय म्हनता येतं. धवल्याला कोन नाय म्हनेल?"

मी म्हटलं, आणि बन्सी? तो तर मान खाली घालून निघून गेला. तर ही हसली, डोळ्यांत पाणी असताना. "तो बोलाचा नाय. तुमचा पंप बगा, बाय. वरीसभर बिगडतो तो काय उगाच?"

कमलाकांत, मी त्या पंपाला वर्षभर शिव्या दिल्या. कंपनीला पत्र लिहिणार होते.

संध्याकाळी राहीबाईकडे गेले. तिला विचारलं, तुला माहीत होतं? ती जाळं सोडवत होती. "पाटावर बसलेली नवरी मी डोले बगून वलकते," म्हणाली. "तुमी इचारला असता त सांगतला असता. तुमी मशीनचा बोलत होत्या." आणि थोड्या वेळानं: "शेवटचा धवला खोटा म्हनू काय मी?"

आता इकडे येसूबाई, तिचं होडीवाल्यांच्या घरचं स्वप्न, तिची लाज. इकडे ही पोर. आणि रिळं माझ्या घरात. देवाशपथ, रात्री दोनदा फडताळ उघडून बघितलं. रविवारी सकाळी मी काय करणार आहे, मला ठाऊक नाही.

इंदुमावशी


पाम
२७ डिसेंबर १९६६

चि. कमलाकांत,

शांतपणे वाच.

देवळापुढे सगळा वाडा होता. सातपाटीची चार माणसं होती. मध्ये शेकोटी पेटवलेली, रिळांसाठी. मी रिळं पदराखाली धरून बायकांत बसले. येसूबाई समोरच होती, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

पंढरी तांडेलानं राहीबाईला उभं केलं. "काकी, सांग. खेल म्हनलास का धवला म्हनलास?"

"मना खेल म्हनता येत नाय," ती म्हणाली. "माजा काम गायाचा. लगीन का खेल, ते मांडव ज्याचे दारान, त्याला इचाराची रीत हाय."

अशी रीत आहे हे मला ठाऊक नव्हतं. सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

तांडेल म्हणाला, "बोला बाय. लगीन का खेल?"

नाताळचा दिवस होता ना? शाळेत दर नाताळला आम्ही येशूच्या जन्माचं नाटक करायचो. मी देवदूत, पुठ्ठ्याचे पंख. पाळण्यात साधी बाहुली. पण कुणी हसलं की सिस्टर सगळं थांबवायच्या आणि म्हणायच्या, बाहुली आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, पण आता इथे कोण झोपलंय? आम्ही पोरी खरंच गप्प व्हायचो. चाळीस वर्षांत आठवलं नव्हतं. तुझ्या रिळातल्या बायका नावं घेतल्यावर गप्प का झाल्या, ते तिथे उभी असताना मला कळलं.

खेळ म्हटलं असतं तर येसूबाईला तिचं ते होडीवाल्यांचं घर परत मिळत होतं. मी तिच्याकडे बघूनच बोलले. "येसू, मांडव मी खेळाचाच घातला होता. पण लग्न लागलं."

 मग सातपाटीचा म्हातारा उठला, टोपी झटकली, आणि चौघं निघून गेले. एक पंच म्हणाला, नवरा घाटी आहे, वाड्याचा नाही. त्यावर राहीबाई बसल्या जागेवरून ओरडली, "धवल्यान नाव घेतला तो वाड्याचा. तुजे बायकोचा नाव मीच घेतला, ती कुटली होती? इचार तिला." हशा पिकला. त्या हशात निम्मं काम झालं. बन्सीनं वाड्याला जेवण घालायचं ठरलं. पाळीच्या कपड्यांतच आला होता तो, मागे उभा होता. तांडेलानं विचारलं, कबूल? तर हा म्हणतो, "मी त्याच दिशी कबूल होतो. मला कुनी इचारलंच नाही."

राहिली रिळं. तांडेल म्हणाला, जाळायची कशी आता? लग्नाचा धवला कोणी जाळतं का? मग कुणाची? राहीबाई म्हणाली, धवला नवरीचा असतो.

मी ती मंजुळाच्या ओटीत घातली. तुला न विचारता. तू जाळायला पाठवली होतीस, मी देऊन टाकली, एवढं तरी समजून घे. पण मागून घेण्याचं धाडस मला झालं नाही, आणि खरं सांगायचं तर मागावंसं वाटलंही नाही.

येसूबाई माझ्याशी बोलत नाही. लिही लवकर.

इंदुमावशी


पाम
२ फेब्रुवारी १९६७

चि. कमलाकांत,

महिना झाला, तुझं पत्र नाही. रोज पोस्टमनच्या सायकलची घंटा ऐकून उठते.

मंजुळा-बन्सीनं बोईसरला स्टेशनाजवळ खोली घेतली. त्यामुळे पंप उत्तम चालतो आहे आणि घर सुनं आहे. काल सकाळी दार उघडलं तर पायरीवर केळीच्या पानात ताजे बोंबील. येसूबाई गल्लीच्या टोकाशी पोचली होती. मागे वळून बघितलं नाही, पण चाल जरा हळू केली.

तू रागावला असशील तर रागावलेलं पत्र पाठव.

मावशी


मुंबई
११ मार्च १९६७

ती. मावशी,

रागावलो होतो. फार. तुला लिहायला बसायचो आणि फाडायचो. राहीबाईवर, तुझ्यावर, त्या पंपावरसुद्धा.

मग मागच्या रविवारी समाजशास्त्रवाल्यांकडून एका दिवसापुरतं मशीन मागून घेतलं आणि तुला न कळवता बोईसरला उतरलो. मंजुळानं दार उघडलं. रिळं कुंकवाच्या डब्याशेजारी, पिवळ्या फडक्यात. म्हणाली, एकदा कानाला लावून बगितली, आवाज येत नाय. मी म्हटलं, मशीन आणलंय, वाजवू? तर, "ते येतील पालीवरनं. दोघांचा धवला हाय, मी एकटी कशी आयकू?" मी चाळीच्या कठड्यावर दोन तास बसलो. संशोधकाला इतकं ताटकळवलेलं पहिल्यांदाच बघितलं असेल त्या चाळीनं.

बन्सी आला. येसूबाईही आली, ती मुलीच्या हातचं कालवण कसं झालंय ते बघायला आल्याचं सांगत होती. मशीन लावलं. नावं आली, आणि खोलीतले आम्ही सगळे गप्प झालो. येसूबाईनं पदर तोंडाशी धरला. शेवटी एवढंच म्हणाली, "राहीचा गला अजून बरा हाय."

मी मंजुळाला विचारलं, याची एक नक्कल विद्यापीठात ठेवू का? तिनं रिळं पुन्हा पिवळ्या फडक्यात बांधली. मग म्हणाली, "आयकाला येवा. नेवाला नको."

काल प्रबंध दिला. धवल्याचं प्रकरण आहे, त्यात ध्वनिमुद्रण नाही. त्या जागी एक टीप घातली आहे. सरांनी ती वाचून विचारलं, हा संदर्भ आहे की आमंत्रण? मी म्हटलं, काढू का? ते म्हणाले, राहू दे. तुझ्यासाठी उतरवून देतो:

"पाम येथील राहीबाई यांनी म्हटलेला धवला सौ. मंजुळा बन्सी यांच्या घरी, बोईसर स्टेशनच्या पूर्वेस, ऐकता येतो. मशीन आपलं न्यावं. दोघं घरी असताना जावं. लग्नाचा धवला आहे, रिकाम्या हातानं जाऊ नये."

तुझा
कमलाकांत